एकच तरुण पियानो ट्रिओ, तीन मैफली आणि ब्राम्सचा ओपस ८

अनुरणन (धागाकर्ता)

गेल्या वर्षभरात एकाच तरुण ट्रिओला तीनदा ऐकायचा योग आला. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, तिघंही पंचविशीच्या अल्याडपल्याड. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्यांचं परीक्षण लिहायचं नाही. तिन्ही मैफलींत जर्मन संगीतकार ब्राम्सचा बी मेजर ट्रिओ, म्हणजेच ओपस (रचना-क्रमांक) ८, होता आणि तिन्ही वेळा तो मला वेगळाच वाटला. नेमकं काय बदललं, याचा छडा लावायचा प्रयत्न करतोय. इथे स्वतः वाजवणारे सभासद आहेत, म्हणून धागा काढला.

पहिली मैफल मोठ्या सभागृहात होती. सुरुवात हायडनच्या १७९५ च्या जी मेजर ट्रिओने, तोच ज्याचा शेवटचा भाग जिप्सी ढंगाचा म्हणून ओळखला जातो. तो भाग त्यांनी असा भरधाव सोडला की टाळ्या थांबेनात. मध्यंतरानंतर ब्राम्स. हा ट्रिओ फार साधा सुरू होतो. पियानो एकटा चार पावलं टाकतो, मग चेलो ती धून उचलतो आणि व्हायोलिन बराच वेळ गप्प असतं. इथपर्यंत सुंदर. पण व्हायोलिन आत आलं, सगळं चढत गेलं आणि पियानोने सारं व्यापून टाकलं. मला चेलोचा गज दिसत होता, सूर ऐकू येत नव्हता. त्या मुलीच्या चेहऱ्यावर ताण स्पष्ट होता, आणि ती जितकी जोर लावत होती तितका आवाज चिमटत होता.

दुसरी मैफल तीनेक महिन्यांनी, छोट्या जागी. मी तिसऱ्या रांगेत. या वेळी पियानोचं झाकण अर्ध्या टेकूवर होतं. चेलो ऐकू आला, सगळं ऐकू आलं, पण ब्राम्स सापडला नाही. तिघं एकमेकांना वाट देत होते आणि पुढे कुणीच निघत नव्हतं. त्याच संध्याकाळी शोस्ताकोविचचा दुसरा ट्रिओ मात्र असा झाला की घरी परतताना कुणाशी बोलावंसं वाटेना. त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहीन.

तिसरी मैफल गेल्या महिन्यात, पुन्हा मोठ्या सभागृहात आणि झाकण पूर्ण उघडं. पहिल्या मैफलीची आठवण होती, त्यामुळे मी धास्तावूनच बसलो होतो. पण चेलो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आला. पियानोवादक कमी वाजवत होता असंही नाही, जिथे गरजायचं तिथे तो गरजला. त्याचा डावा हात हलका झाला होता आणि पेडलवरचा पाय लवकर उचलला जात होता, एवढं मला कळलं. सगळ्यात मोठा फरक संथ भागात होता. तिथे पियानोचे दूरदूर पसरलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतात आणि त्यांना तारा उत्तर देतात. पहिल्या वेळी ती दोन पक्षांची आळीपाळी वाटली होती. या वेळी पियानोचा कॉर्ड विरत असताना त्याच्याच पोटातून व्हायोलिन आणि चेलो उगवले.

हे नुसतं सरावाने होतं का? की तालमीत बसून कुणीतरी ठरवतं? आणि इतका अवघड ट्रिओ पुरता मुरायच्या आधी मंचावर आणावा की आणू नये?


सायंतारा

वाचतेय. फार छान लिहिलंय. शोस्ताकोविचबद्दल लिहाच.


मंद्र

अनुरणन, ‘गज दिसत होता, सूर ऐकू येत नव्हता’ हे वाचून पोटात गोळा आला. मी हौशी चेलोवादक आहे आणि त्या मुलीच्या जागी अनेकदा बसलोय.

श्रोत्यांना सहसा न दिसणारी एक गोष्ट सांगतो. चेलोच्या चार खुल्या तारा म्हणजे सी, जी, डी आणि ए. बी मेजरमध्ये पाच शार्प, म्हणजे अर्धा सूर वर चढवलेले सूर, असतात: एफ, सी, जी, डी, ए. म्हणजे चेलोची एकही खुली तार त्या स्केलमध्ये बसत नाही. व्हायोलिनची फक्त ई बसते. डी मेजरमध्ये वाजवताना बोटाखालचा सूर खुल्या तारेशी जुळला की ती तार आपोआप थरथरते आणि अख्खं वाद्य भरून बोलतं. बी मेजरमध्ये ही आयती मदत फारच थोडी मिळते. ब्राम्सने पियानोसमोर चेलोला सगळ्यात पहिलं गाणं दिलं, आणि तेही अशा स्केलमध्ये जिथे चेलोला स्वतःच्या लाकडाची साथ कमीत कमी आहे. त्या सुरुवातीत एक झाकलेला, आतून येणारा रंग आहे तो बहुतेक याचमुळे. मला तो प्राणप्रिय आहे. पण जोर लावून तो मोठा होत नाही. गज दाबला की सूर चिरडतो. गज लांब खेचायचा, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या किंचित जवळ न्यायचा आणि डाव्या हाताने सूर अगदी मध्यावर पकडायचा. सूर तंतोतंत असला की तो दूरवर पोचतो, जरासा इकडेतिकडे झाला की पियानो त्याला गिळतो.

दुसरी गोष्ट वेळेची. हातोडा पडला की पियानोचा सूर तत्क्षणी हजर होतो. चेलोच्या जाड तारेला गजाने पकडून बोलतं करायला किंचित अवधी लागतो. दोघांनी घड्याळाप्रमाणे अगदी एकाच वेळी सुरुवात केली तर श्रोत्याला पियानो आधी ऐकू येतो, आणि कान त्याच्यामागेच जातो. अनुभवी पियानोवादक चेलोवादकाचा श्वास ऐकतो, गज तारेत रुतल्याची वाट पाहतो आणि मग बोट खाली सोडतो. तुम्हाला तिसऱ्या मैफलीत चेलो ‘ऐकू आला’ त्याचं अर्धं श्रेय या वाट पाहण्याला असावं.


काळी_पांढरी

मी पियानोच्या बाजूने बोलते. बिचाऱ्या झाकणावर फार आळ येतो.

झाकण अर्धं केलं की आवाज कमी होतो त्याहून जास्त तो बोथट होतो. सुरांचे काठ जातात आणि उरतो तो गुरगुरणारा खर्ज. तो नेमका चेलोच्याच पट्टीत असतो. म्हणून झाकण मिटूनही चेलो बुडू शकतो. दुसऱ्या मैफलीत तुम्हाला सगळं ऐकू आलं ते जागा लहान होती आणि तुम्ही जवळ होता म्हणून, असा माझा अंदाज. मी पूर्ण उघड्या झाकणाच्या बाजूची आहे, पण मग सगळी जबाबदारी बोटांवर येते.

ट्रिओत पियानोवादकाला बाकी दोघांपेक्षा कितीतरी जास्त सूर वाजवायचे असतात. ब्राम्स स्वतः पियानोवादक होता, त्याचा डावा हात जाडजूड असतो, अष्टकं आणि त्यांच्या मध्ये भरलेले कॉर्ड. ते छापल्याप्रमाणे सगळे सारख्या वजनाने वाजवले तर जगातला कुठलाही चेलो वाचत नाही. कॉर्डमधल्या पाच सुरांपैकी कुठल्या एकाला वजन द्यायचं आणि बाकी चार नुसते छायेसारखे ठेवायचे, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. हो, हे ठरवावं लागतं, अनुरणन. तालमीत एक जण उठून सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो, बाकीचे दोघं वाजवतात आणि तो सांगतो. पियानोवादकाला आपल्या स्टुलावर बसून खरा तोल कळतच नाही, कारण झाकण आवाज श्रोत्यांकडे फेकतं आणि व्हायोलिन-चेलो त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून बसलेले असतात.

हायडनमध्ये ही अडचण का येत नाही, तेही सांगते. त्याच्या काळातला पियानो लाकडी चौकटीचा, हलक्या तारांचा. खर्ज पटकन विरून जायचा. म्हणून हायडन चेलोला बहुतेक वेळ डाव्या हाताच्याच सुरांवर ठेवतो, चेलो त्या खर्जाला लांबी देतो. असे ट्रिओ तेव्हा ‘व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह पियानो सोनाटा’ अशाच नावाने छापले जात. त्याच १७९५ साली बीथोव्हेनने ओपस १ चे तीन ट्रिओ छापले, चार-चार भागांचे, आणि त्यात चेलो डाव्या हातापासून सुटायला लागला. पुढे पियानोला लोखंडी चौकट आली, ताण वाढला, लांबी वाढली. आज मैफलीतला मोठा ग्रँड २७४ सेंटीमीटरचा असतो. व्हायोलिन आणि चेलोत त्या प्रमाणात काही बदललेलं नाही. तरुण ट्रिओ ज्या अडचणीशी झुंजतो ती त्याच्या वयाची कमी आणि या इतिहासाची जास्त आहे.


नवश्रोता

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. पियानो ट्रिओ म्हणजे तीन पियानो नव्हेत, एवढं वरून कळलं. पण झाकण, टेकू, पट्टी हे सगळं वाचताना वाटलं की मैफलीला गेल्यावर मी नक्की कुणाकडे बघू? आणि काय ऐकू?


काळी_पांढरी

नवश्रोता, प्रश्न अगदी योग्य आहे. पहिल्यांदा जाल तेव्हा चेलोकडे बघा. धून व्हायोलिनकडे किंवा पियानोकडे असताना चेलो काय करतोय, हे ऐकायचा प्रयत्न करा. तो सहज ऐकू आला तर ट्रिओ चांगला आहे.

आणि एक छोटी गोष्ट. पियानोचा सूर वाजला की त्या क्षणापासून तो कमीच होत जातो, वाढवता येत नाही. गजाचा सूर वाढवता येतो. दोघांनी मिळून एक लांब ओळ म्हणायची तर पियानोवादकाला पुढचा सूर मागच्याच्या विरत गेलेल्या टोकाला जोडावा लागतो. हे जमलं की पियानो गातोय असं वाटतं.


पूर्वपक्ष

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

तुम्ही सगळे पहिल्या मैफलीला चुकलेली आणि तिसरीला साधलेली म्हणताय. पण ओपस ८ हा काय आहे ते आठवा. ब्राम्सने तो १८५४ च्या सुरुवातीला पुरा केला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तो ट्रिओ लांब होता, अघळपघळ होता, आवरायची बुद्धी नसलेल्या तरुणाचा होता. मग १८८९ मध्ये, छप्पन्न वर्षांचा असताना, त्याने तो पुन्हा हातात घेतला, बराच कापला, भागांतल्या दुसऱ्या मुख्य धुना नव्याने लिहिल्या. स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर वळणाचा दुसरा भाग, मात्र जवळजवळ तसाच ठेवला. मित्राला त्याने कळवलं होतं की मी याला विग चढवलेला नाही, फक्त केस जरा विंचरलेत. खरं तर बदल त्याहून कितीतरी मोठे आहेत. आज सगळीकडे वाजतो तो हा विंचरलेला ट्रिओ.

म्हणजे पंचविशीतली तीन मुलं साठीकडे झुकलेल्या माणसाने आवरून ठेवलेलं त्याचं तारुण्य वाजवतायत, आणि आपण त्यांच्याकडून आणखी आवरण्याची अपेक्षा करतोय. मला पहिली मैफल ऐकायला आवडली असती. मी तर म्हणतो, तरुण ट्रिओंनी १८५४ ची मूळ आवृत्ती वाजवावी. ब्राम्सने ती मागे घेतलेली नाही, दोन्ही आवृत्त्या छापील स्वरूपात राहिल्या.


अनुरणन

पूर्वपक्ष, राग कसला, तुमच्या प्रतिसादाने दोन दिवस विचार करायला लावलं.

स्केर्झोबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पहिल्या मैफलीतला स्केर्झो मला सर्वांत जास्त आवडला होता, आणि तिसऱ्या मैफलीत तो तितका धारदार नव्हता. वर लिहायला हवं होतं. तो भाग विशीतल्या माणसाच्या हातचाच उरलाय हे लक्षात घेतलं तर अर्थ लागतो.

पण पहिल्या भागाबद्दल मी ठाम आहे. चेलो बुडणं हे तारुण्य नव्हे. ती मुलगी काहीतरी म्हणत होती आणि ते आपल्यापर्यंत पोचत नव्हतं. उधाण यावं, पण तिघांचं मिळून यावं. तिसऱ्या मैफलीत शेवटच्या भागाला ते आलं. बी मेजरमध्ये, इतक्या उबदारपणे सुरू झालेला हा ट्रिओ बी मायनरमध्ये संपतो, आणि शेवटची पानं त्यांनी कुठलाही दिलासा न देता वाजवली. शेवटच्या कॉर्डनंतर कुणीही लगेच टाळी वाजवली नाही.


मंद्र

मूळ आवृत्तीबद्दल एक भर. १८५४ च्या आवृत्तीत सुरुवातीच्या चेलोच्या गाण्यात व्हायोलिन मधूनमधून छोटे तुकडे घालतं. १८८९ मध्ये ब्राम्सने ते काढून टाकले आणि व्हायोलिनला थांबायला लावलं. चेलोवादक म्हणून मी त्या बदलाचा ऋणी आहे. पण व्हायोलिनवादकाला विचाराल तर मंचावर बसून, वाद्य मांडीवर ठेवून, इतका वेळ नुसतं ऐकणं फार कठीण असतं असं तो सांगेल. तरुण ट्रिओत त्या वेळी व्हायोलिनवादकाकडे बघावं. तो चेलो ऐकतोय की स्वतःच्या प्रवेशाची वाट बघतोय, हे चेहऱ्यावर दिसतं.


सायंतारा

शोस्ताकोविच राहिला.


अनुरणन

लिहितो. हा ई मायनर ट्रिओ १९४४ चा, इव्हान सोलेर्टिन्स्की या जिवलग मित्राच्या स्मृतीला वाहिलेला. तो मित्र त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला. नोव्हेंबरात लेनिनग्राडला पहिला प्रयोग झाला तेव्हा शोस्ताकोविच स्वतः पियानोवर होता.

सुरुवातीला चेलो एकटा असतो, आणि तोही आपल्या नेहमीच्या आवाजात नाही. तारेला नुसता स्पर्श करून काढलेले हार्मोनिक्स, शिट्टीसारखे, अतिशय उंच. मग म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेलं व्हायोलिन त्याच्या खालून येतं. त्याच्याही खाली, तळाशी, पियानो. म्हणजे सगळा क्रमच उलटा. त्या दिवशी ते हार्मोनिक्स एक-दोनदा फाटले. मंद्र सांगतील ते किती निसरडे असतात. पण ते फाटणंही तिथे शोभलं, रडून बसलेल्या गळ्यासारखं.

तिसऱ्या भागात पियानो आठ कॉर्ड वाजवतो. जड, सुटे सुटे. तीच आठ कॉर्डची ओळ तो सहा वेळा वाजवतो आणि वर व्हायोलिन आणि चेलो शोक करतात. पियानोवादकाकडे दुसरं काही नाही. या मुलाने ते कॉर्ड प्रत्येक वेळी सारख्याच वजनाने वाजवले, काहीही रंगवलं नाही. जो ब्राम्समध्ये आवरता आवरत नव्हता तोच हा. त्या भागातून न थांबता शेवटचा भाग सुरू होतो, ज्यू लोकसंगीताच्या वळणाचे सूर, आधी हळू, तारा बोटाने छेडत, मग नाचाचं किंचाळण्यात रूपांतर. आणि अगदी शेवटी ते आठ कॉर्ड परत येतात.

माझ्या शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते आणि दिवे लागल्यावरही त्यांनी बराच वेळ उघडले नाहीत.


रागदारीतून_इकडे

वाचून राहवलं नाही. रशियन ट्रिओंची ही परंपराच आहे. चायकोव्हस्कीने निकोलाय रुबिनस्टाइनसाठी ए मायनर ट्रिओ लिहिला (१८८२), मग चायकोव्हस्की गेल्यावर रखमानिनोव्हने त्याच्यासाठी डी मायनर ट्रिओ लिहायला घेतला (१८९३), तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मला नेहमी वाटतं, तीनच वाद्यं असल्यामुळे गेलेल्या माणसाची जागा इथे जास्त जाणवते.

मूळ प्रश्नाबद्दल: मुरायच्या आधी मंचावर आणावं का? आणावं. काही गोष्टी बंद खोलीत मुरतच नाहीत. समोर माणसं असली की कान वेगळे होतात.


काळी_पांढरी

सहमत. शिवाय ट्रिओची गोष्ट चौकडीहून निराळी आहे. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये चारही वाद्यं एकाच घरातली. ट्रिओत तिघं एकल वादक म्हणून वाढलेले असतात आणि बरेच ट्रिओ एखाद्या मोसमापुरते एकत्र येऊन पांगतात. तरुणपणी एकत्र येऊन टिकणं हेच विरळा. बो आर्ट्स ट्रिओ १९५५ ते २००८ चालला. व्हायोलिनवादक आणि चेलोवादक बदलत गेले, पियानोवर मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मेनाहेम प्रेसलरच. त्यांचं जुनं आणि नंतरचं ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकलं की एकच पियानोवादक नव्या सोबत्यांप्रमाणे आपला स्पर्श कसा बदलतो ते कळतं. आताच्यांपैकी जपानचा आओई ट्रिओ जरूर ऐका. २०१८ मध्ये म्युनिकच्या एआरडी या आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. तोलाच्या बाबतीत त्यांचं वादन मला फार आवडतं.


पूर्वपक्ष

चेलो बुडण्याबद्दल अनुरणन यांचं म्हणणं मान्य. ‘तिघांचं मिळून उधाण’ हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मूळ आवृत्तीचा हट्ट सोडत नाही.


नवश्रोता

आज दोन्ही आवृत्त्यांची सुरुवात लागोपाठ ऐकली, चार-पाच वेळा. मूळ आवृत्तीत व्हायोलिन मधे येतं ते मला पहिल्यांदा आवडलं होतं, कुणीतरी हुंकार भरतंय असं वाटलं. मग १८८९ ची लावली तर त्या जागा रिकाम्या, चेलो एकटाच बोलत राहतो आणि व्हायोलिन नाही हे सतत जाणवतं. ते शेवटी येतं तेव्हा अंगावर काटा आला.

पुढच्या आठवड्यात एका ट्रिओच्या मैफलीला जातोय, शुबर्टचा ई फ्लॅट मेजर आहे. चेलोकडे बघेन. संथ भागातही धून आधी चेलोकडेच असते असं वाचलं, खरं का?


मंद्र

खरंय. पियानो चालत्या पावलांसारखे कॉर्ड देतो आणि त्यावर चेलो सुरू होतो. डावीकडे बसू नका. चेलो सहसा श्रोत्यांच्या उजव्या हाताला असतो, मधोमध जागा मिळाली तर उत्तम. आणि आल्यावर इथे लिहा.